एक तळं, दोन अहवाल

१४ जानेवारी २०१० रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एका खाणीला पर्यावरण प्रमाणपत्र दिलं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला कॅनडाच्या केंद्र सरकारने त्याच खाणीला नकार दिला. खाण तीच, कंपनी तीच, तळंही तेच. मधल्या साडेनऊ महिन्यांत तळ्यातले मासे वाढले नव्हते, की जमिनीखालचं तांबं कमी झालं नव्हतं.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. एकच इनपुट दिल्यावर दोन मशीन दोन वेगळी उत्तरं द्यायला लागली, की आमच्याकडे पहिला संशय बगवर जातो. हे प्रकरण वाचायला घेतलं ते त्याच संशयाने. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की इथे बिघाड शोधण्यात अर्थ नाही. दोन्ही यंत्रणा आपापल्या कायद्याप्रमाणे चालल्या होत्या. फरक पडला तो दोन जागी. पुरावा ऐकायला कोण कुठे जाऊन बसलं, ही एक जागा. आणि आकडेमोड संपल्यावर जो शेवटचा शब्द लिहायचा, तो लिहिण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता, ही दुसरी.

तो शब्द होता ‘समर्थनीय’. त्याच्याकडे येऊच. आधी तळं.

तळ्याचं नाव तेझतान बिनी. सरकारी नकाशात फिश लेक. विल्यम्स लेक या गावापासून नैर्ऋत्येला सुमारे १२५ किलोमीटरवर, चिल्कोटिन पठारावर ते आहे. तळ्यात रेनबो ट्राउट जातीचे सुमारे ८५ हजार मासे असल्याचा अंदाज त्या काळात सगळेच देत होते. हा भाग त्सिल्कोतीन या आदिवासी राष्ट्राचा. ‘राष्ट्र’ हा शब्द तिथे सरकारही वापरतं. कॅनडात आदिवासी समाजांना ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणतात आणि त्सिल्कोतीन लोकांनी आपली जमीन कुठल्याही तहाने कधी कुणाला दिलेली नाही.

तळ्याशेजारी जमिनीखाली सोनं आणि तांबं आहे. टासेको माइन्स या कंपनीला तिथे उघडी खाण खणायची होती. धातू काढून घेतल्यावर दगडाच्या भुकटीचा जो ओला गाळ उरतो, त्याला खाणवाले टेलिंग्ज म्हणतात. तो वर्षानुवर्षं कुठेतरी साठवावा लागतो. मूळ आराखड्यात तेझतान बिनी रिकामं करायचं होतं आणि त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं व आसपासची जमीन या गाळाखाली जाणार होती. बदल्यात कंपनी एक कृत्रिम तळं बांधून त्यात मासे सोडणार होती. प्रकल्पाचं नाव प्रॉस्पेरिटी, म्हणजे समृद्धी, आणि त्या कृत्रिम तळ्याचं नावही प्रॉस्पेरिटी लेक. प्रकल्पांची नावं ठेवणारी माणसं जगभर एकाच शाळेत शिकलेली असावीत.

विल्यम्स लेक गावातल्या पुष्कळ लोकांना ही खाण हवी होती, आणि त्यांना हावरट ठरवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. त्या भागाचं पोट लाकडावर चालायचं. पाइन झाडं पोखरणाऱ्या भुंग्याने ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागातली जंगलंच्या जंगलं वाळवून टाकली होती. लाकडाच्या गिरण्यांचं भविष्य दिसत नव्हतं. वीस वर्षं चालणारी खाण म्हणजे मुलांना गाव सोडून जावं लागणार नाही, एवढा साधा हिशोब होता.

* * *

त्सिल्कोतीन लोकांच्या आठवणीत मात्र दुसराच हिशोब होता आणि तो १८६४चा होता. तेव्हा ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत होती, कॅनडात सामील व्हायला अजून सात वर्षं होती. कॅरिबूच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारा एक रस्ता समुद्राकडून त्सिल्कोतीन प्रदेशातून काढायला घेतला होता. कुणाला विचारलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच देवीच्या साथीने त्या प्रदेशात हाहाकार माजवला होता. त्सिल्कोतीन योद्ध्यांनी रस्त्यावरच्या मजुरांवर हल्ला केला, माणसं मारली गेली, रस्ता थांबला. पुढे बोलणी करायची आहेत असं समजून त्यांचे प्रमुख आले, तेव्हा त्यांना अटक झाली. २६ ऑक्टोबर १८६४ रोजी क्वेनेल इथे पाच जणांना फाशी दिली गेली आणि पुढच्या वर्षी न्यू वेस्टमिन्स्टरला आणखी एकाला.

दीडशे वर्षांनी एखाद्या गावातली म्हातारी माणसं खाणीच्या सुनावणीत उठून या फाशीबद्दल बोलायला लागली, तर पर्यावरण अहवालाच्या कुठल्या रकान्यात ते लिहायचं? पाण्याची गुणवत्ता? वन्यजीव? हा प्रश्न थट्टेचा नाही. पर्यावरण मूल्यांकनाची जी पद्धत जगभर रुजली, ती रकान्यांवरच चालते.

आपल्याकडेही तसंच. १९९४ची आणि नंतर २००६ची अधिसूचना, ‘अ’ वर्गातले प्रकल्प केंद्राकडे, ‘ब’ वर्गातले साधारणपणे राज्याच्या प्राधिकरणाकडे, जनसुनावणी, तज्ज्ञ समिती, मंजुरी. अहवाल प्रकल्पवाल्यानेच सल्लागार नेमून लिहून घ्यायचा, हेही दोन्हीकडे सारखं. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याने कोड लिहिला, त्यानेच टेस्टही लिहायच्या आणि रिव्ह्यूअरने त्या टेस्ट पुरेशा आहेत का एवढंच पाहायचं. हे अगदीच वाईट असतं असं नाही, कारण कोड लिहिणाऱ्यालाच तो सगळ्यात जास्त माहीत असतो. पण ज्या टेस्टचा विचारच त्याच्या डोक्यात येत नाही, ती कधीच लिहिली जात नाही.

* * *

आता कॅनडाची रचना. तिथे जमिनीखालची खनिजं प्रांताची. खाण चालली तर महसूल प्रांताला. मासे मात्र केंद्राचे आणि आदिवासींविषयीची घटनात्मक जबाबदारीही केंद्राची. त्यात १९८२च्या घटनेतल्या ३५व्या कलमाने आदिवासींच्या हक्कांना संरक्षण दिलं. म्हणजे एकाच खोऱ्यातलं तांबं एका सरकारचं, मासे दुसऱ्याचे आणि शिकारीचा हक्क तिसऱ्याच कुणाचा. त्यामुळे मोठ्या खाणीला दोन्ही सरकारांच्या परीक्षा द्याव्या लागतात.

ब्रिटिश कोलंबियाचा पहिला सर्वंकष पर्यावरण मूल्यांकन कायदा १९९५चा. त्यात एक चांगली गोष्ट होती. प्रत्येक प्रकल्पासाठी एक समिती बसायची आणि त्या समितीत प्रांताच्या, केंद्राच्या, स्थानिक पालिकेच्या माणसांबरोबर संबंधित आदिवासी राष्ट्रालाही जागा असायची. शेवटचा निर्णय मंत्र्यांचाच. तरी ज्या टेबलावर अहवाल तयार व्हायचा तिथे खुर्ची होती.

२००२मध्ये नवीन सरकारने तो कायदा बदलला. प्रक्रिया सुटसुटीत करायची होती. समित्या गेल्या. पर्यावरण मूल्यांकन कार्यालय नावाची सरकारी कचेरीच प्रत्येक प्रकल्पासाठी प्रक्रिया ठरवणार, कंपनीच्या अर्जाची १८० दिवसांत छाननी करणार, आपला अहवाल मंत्र्यांना पाठवणार आणि मंत्री ४५ दिवसांत निर्णय देणार. मंजुरी, नकार किंवा आणखी अभ्यास, असे तीन पर्याय. मंजुरी दिली तर पाच वर्षांत काम भरीवपणे सुरू व्हायला हवं, नाहीतर प्रमाणपत्र संपतं. एकदाच मुदतवाढ मिळते, तीही जास्तीत जास्त पाच वर्षांची.

इथे इतिहासाने एक खोडी केली आहे. प्रांताच्या उत्तरेला तुलसेक्वा नावाच्या एका जुन्या खाणीचं प्रकरण टाकू रिव्हर ट्लिंगिट या आदिवासी राष्ट्राने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं होतं. नोव्हेंबर २००४मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, सरकारवर सल्लामसलतीचं कर्तव्य आहे, पण या प्रकरणात ते पुरेसं पार पडलं, कारण आदिवासी राष्ट्राला प्रकल्प समितीत पूर्ण सहभाग मिळाला होता. म्हणजे ज्या खुर्चीच्या जोरावर प्रांत खटला जिंकला, ती खुर्ची प्रांताने दोन वर्षांपूर्वीच उचलून नेली होती. आमच्याकडे यालाच जुन्या व्हर्जनच्या रिव्ह्यूवर नवीन व्हर्जन रिलीज करणं म्हणतात.

* * *

प्रॉस्पेरिटीचं मूल्यांकन सुरुवातीला केंद्र आणि प्रांत मिळून करतील, अशी अपेक्षा होती. तशी पद्धत होती. दोन सरकारं मिळून तटस्थ सदस्यांचं एक पॅनल नेमायची, पॅनल जनसुनावणी घ्यायचं आणि अहवाल दोघांना द्यायचं. २००७मध्ये अशाच एका संयुक्त पॅनलने प्रांताच्या उत्तर भागातल्या केमेस नॉर्थ या खाणीवर अहवाल दिला. तिथेही एका तळ्यात गाळ टाकायचा होता. पॅनल म्हणालं, ही खाण समाजाच्या हिताची नाही, परवानगी देऊ नका. मार्च २००८मध्ये प्रांताने ते मान्यही केलं.

आणि त्याच २००८मध्ये प्रांताने ठरवलं, की प्रॉस्पेरिटीसाठी संयुक्त पॅनल नको. आपण आपल्या कचेरीमार्फत वेगळं मूल्यांकन करू. एका घटनेमुळेच दुसरी घडली असं मी म्हणणार नाही. पण इतिहास वाचताना तारखांचा क्रम तरी डोळ्यांसमोर ठेवावा.

अशा रीतीने दोन समांतर मूल्यांकनं झाली. प्रांताच्या प्रक्रियेत औपचारिक जनसुनावणी नव्हती. कागद यायचे, शेरे जायचे, खुल्या बैठका व्हायच्या, लोक लेखी मत पाठवू शकायचे. केंद्राने तीन सदस्यांचं पॅनल नेमलं. अध्यक्ष रॉबर्ट कॉनेली, सोबत बिल क्लासेन आणि नालेन मोरिन. २०१०च्या मार्चपासून मेपर्यंत या पॅनलने जवळपास ३० दिवस सुनावण्या घेतल्या. गावातल्या हॉलमध्ये आणि आदिवासी वस्त्यांमध्येही. लोकांनी तिथे ढोल वाजवले, प्रार्थना केल्या, मुलांनी नाटक केलं. पुढे दुसऱ्या फेरीच्या वेळी कंपनीने केंद्राच्या मंत्र्यांना पत्र लिहून सुनावणीत असे धार्मिक विधी आणि मुलांची नाटकं होऊ देऊ नयेत अशी मागणी केली. ते पत्र बाहेर आलं आणि बरीच टीका झाली. कंपनीच्या बाजूने विचार केला तर मागणी अनाकलनीय नाही. भूजलाच्या प्रवाहाचं मॉडेल घेऊन आलेल्या इंजिनिअरला ढोलाला उत्तर कसं द्यायचं ते कळत नाही. पण ज्यांचं तळं जाणार आहे, त्यांच्याकडे पुरावा म्हणून दुसरं काय असणार होतं?

आता दोन्ही अहवाल शेजारी ठेवा. प्रांताच्या कचेरीचा निष्कर्ष असा, की मासे आणि त्यांचा अधिवास सोडला तर या खाणीमुळे गंभीर प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता नाही. तळं जाणार, हे एकच गंभीर. केंद्राच्या पॅनलने २ जुलै २०१०ला अहवाल दिला. त्यात मासे तर होतेच, शिवाय जलमार्ग, ग्रिझली अस्वलं, त्सिल्कोतीन लोकांचा त्या जमिनीचा रोजचा वापर, त्यांचा सांस्कृतिक वारसा आणि त्यांचे आदिवासी हक्क, या सगळ्यांवर गंभीर परिणाम होतील असं लिहिलं होतं.

माझ्या मते या फरकाचं रहस्य विज्ञानात फारसं नाही. प्रांताची पद्धत उपाययोजनांवर भरवसा ठेवून चालत होती. अमुक नुकसान होईल, पण कंपनी तमुक करणार आहे, म्हणून उरलेलं नुकसान गंभीर नाही. कंपनीची वचनं हिशोबात जमा धरली जात होती. तेझतान बिनीच्या काठावर मासे पकडायला जाणाऱ्या कुटुंबाला कागदावर दुसरं तळं देता येतं, त्यात मासेही सोडता येतात. पॅनलने त्या कुटुंबांना समोरासमोर ऐकलं आणि ठरवलं, की ती जागा दुसरीकडे बांधून मिळणारी नाही.

वचनं जमा धरण्याबद्दल आणखी एक. २०११मध्ये प्रांताचे महालेखापरीक्षक जॉन डॉइल यांनी याच कचेरीचं ऑडिट केलं. प्रमाणपत्र दिल्यानंतर प्रकल्पांवर कचेरीची जी देखरेख असते, ती गंभीर नुकसान टळेल याची खात्री देण्याइतकी पुरेशी नाही, असा त्याचा सारांश. परीक्षेत ‘पुढे अभ्यास करीन’ असं लिहिलेल्या मुलाला पास करायचं आणि नंतर अभ्यास केला का ते बघायचंच नाही.

* * *

आता तो शब्द. प्रांताच्या अहवालातही एक गंभीर परिणाम मान्य केलेलाच होता. मग मंजुरी कशी? मंत्री म्हणाले, रोजगार आणि आर्थिक फायदा पाहता हा परिणाम या परिस्थितीत समर्थनीय आहे. पर्यावरणमंत्री बॅरी पेनर आणि खाण व ऊर्जा खात्याचे मंत्री ब्लेअर लेकस्ट्रॉम, असे दोघे निर्णय घेणारे होते.

केंद्राचा कायदाही त्या वेळी हेच दोन प्रश्न विचारायचा. परिणाम गंभीर आहेत का? असतील, तर ते समर्थनीय आहेत का? पहिला प्रश्न पॅनलचा, दुसरा मंत्रिमंडळाचा. खाणींविषयी मुळीच सोवळं नसलेल्या स्टीफन हार्पर यांच्या सरकारचे पर्यावरणमंत्री जिम प्रेंटिस यांनी २ नोव्हेंबरला सांगितलं, की नाही, हे समर्थनीय नाही. त्याच दिवशी त्याच प्रांतातल्या माउंट मिलिगन या दुसऱ्या खाणीला त्यांनी मंजुरी दिली. म्हणजे हा खाणींविरुद्धचा निर्णय नव्हता.

अनेकांना वाटतं, पर्यावरण मूल्यांकन म्हणजे पर्यावरणाने पास-नापास करणं. तसं ते कुठेच नसतं. मूल्यांकन मोजतं, आणि मोजलेल्याचं काय करायचं ते सरकार ठरवतं. ब्रिटिश कोलंबियातलंच उलट्या दिशेचं उदाहरण बघा. मॉरिसन नावाच्या खाणीबाबत प्रांताच्या कचेरीचा अहवाल २०१२मध्ये म्हणाला, उपाय केले तर गंभीर परिणाम होणार नाहीत. तरी मंत्र्यांनी नकार दिला. कारण कचेरीच्या प्रमुखांनी स्वतंत्रपणे नकाराची शिफारस केली होती आणि धोके-फायद्यांचा वेगळा विचार मांडला होता. कंपनी न्यायालयात गेली आणि २०१३मध्ये जिंकली. का? मंत्र्यांना नकाराचा अधिकार नव्हता म्हणून नव्हे. ती शिफारस कंपनीला दाखवून तिला उत्तर द्यायची संधी दिली नव्हती म्हणून. निर्णय तुमचाच, पण कशावरून घेतला ते समोरच्याला कळू द्या, इतकंच न्यायालय सांगत होतं.

‘समर्थनीय’ या शब्दाची अडचण नेमकी इथे आहे. त्याच्या आधी शेकडो पानं हिशोब असतो. त्याच्यामागे मात्र एखादाच परिच्छेद. किती रोजगार म्हणजे एक तळं? ८५ हजार माशांना किती कोटी डॉलर? हे वजन कसं केलं, याचा लॉग कुठेच ठेवलेला नसतो.

* * *

कंपनीने हार मानली नाही. २०११मध्ये तिने न्यू प्रॉस्पेरिटी आणली. नव्या आराखड्यात तेझतान बिनी राहणार होतं, गाळाचं धरण दोनेक किलोमीटर वरच्या बाजूला सरकवलं होतं. तळं वाचवणारे पर्याय पहिल्या फेरीत परवडणारे नाहीत म्हणून बाजूला पडले होते. आता धातूंचे भाव चढले होते आणि सुमारे ३० कोटी डॉलरचा जादा खर्च झेपणार होता. समर्थनीय काय आणि व्यवहार्य काय, दोन्ही तांब्याच्या भावाबरोबर हलतं, हे यातून दिसलं.

दुसऱ्या पॅनलने ३१ ऑक्टोबर २०१३ला अहवाल दिला. मुद्दा मुख्यतः झिरप्याचा होता. गाळाच्या तळ्यातून किती दूषित पाणी जमिनीतून झिरपून तेझतान बिनीकडे येईल? केंद्राच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचा अंदाज कंपनीच्या अंदाजाच्या कितीतरी पट होता आणि पॅनलला तो पटला. पॅनलने आमच्या आराखड्याऐवजी भलत्याच आराखड्याचा हिशोब धरला, असं कंपनीचं म्हणणं. फेब्रुवारी २०१४मध्ये केंद्राने दुसऱ्यांदा नकार दिला. प्रांताचे खाणमंत्री बिल बेनेट तोपर्यंत जाहीरपणे खाणीची बाजू मांडत होते. कंपनीने न्यायालयात दाद मागितली. २०१७मध्ये केंद्रीय न्यायालयाने आणि २०१९मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली, आणि मे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

२६ जून २०१४ रोजी मात्र या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट घडली. हेनी ग्वेतीन या त्सिल्कोतीन समाजाचे प्रमुख रॉजर विल्यम यांच्या नावाने चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १,७५० चौरस किलोमीटर जमिनीवर त्सिल्कोतीन राष्ट्राचा मालकी हक्क जाहीर केला. कॅनडात असं पहिल्यांदाच झालं. खालच्या न्यायालयात हा खटला ३३९ दिवस चालला होता. तेझतान बिनी या मालकीच्या रेषेच्या बाहेर पडतं, पण त्या भागातला शिकारीचा आणि सापळे लावण्याचा हक्क २००७च्या निकालातच सिद्ध झालेला होता.

त्याच उन्हाळ्यात, ४ ऑगस्टला, विल्यम्स लेकच्या ईशान्येकडच्या माउंट पॉली खाणीचं गाळाचं धरण फुटलं आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ खालच्या तळ्यांत गेला. झिरप्यावरची चर्चा त्यानंतर पुस्तकी राहिली नाही.

या सगळ्यानंतर प्रांताने काय करावं? जानेवारी २०१५मध्ये त्याने २०१०च्या प्रमाणपत्राला पाच वर्षांची मुदतवाढ दिली. केंद्राने दोनदा नाकारलेल्या खाणीचं प्रांतिक प्रमाणपत्र पुढची पाच वर्षं फायलीत जिवंत राहिलं. जुलै २०१७मध्ये आणखी पुढची गोष्ट झाली. प्रांतात सत्तांतर होत होतं. जाणाऱ्या सरकारच्या शेवटच्या दिवसांत कंपनीला त्या भागात चाचणीसाठी भोकं पाडायचा परवाना मिळाला. त्याच दिवसांत त्या भागात वणवे पेटले होते आणि त्सिल्कोतीन वस्त्या रिकाम्या करायचे आदेश निघाले होते. न्यायालयांनी हा परवाना कायदेशीर ठरवला. २०१९च्या उन्हाळ्यात यंत्रं निघाली तेव्हा त्सिल्कोतीन लोकांनी रस्त्यात उभं राहून ती शांतपणे थांबवली.

* * *

नियमगिरीशी तुलना मनात येतेच. जेमतेम दहा आठवडे आधी, ऑगस्ट २०१०मध्ये, जयराम रमेश यांनी ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीला वनमंजुरी नाकारली होती. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बारा ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिला. तिथे ‘समर्थनीय आहे का’ हा प्रश्न मंत्र्याच्या टेबलावरून उचलून डोंगरावर नेला गेला. ब्रिटिश कोलंबियाला त्या दिशेने सरकायला आणखी काही वर्षं लागली.

२०१८मध्ये प्रांताने मूल्यांकनाचा कायदा पुन्हा बदलला आणि १६ डिसेंबर २०१९पासून तो लागू झाला. आता अर्ज पूर्ण तयार होण्याआधीच आदिवासी राष्ट्रांशी बोलणं सुरू करावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याशी एकमत साधायचा प्रयत्न करावा लागतो. संबंधित राष्ट्राची संमती आहे की नाही, हे मंत्र्यांना विचारात घ्यावंच लागतं आणि तिच्या विरुद्ध निर्णय दिला तर का दिला ते लिहून जाहीर करावं लागतं. तो एका परिच्छेदाचा ‘समर्थनीय’ निदान थोडा लांब करावा लागणार. खुर्ची परत आली आहे. शेवटची सही बहुतेक वेळा अजून मंत्र्यांचीच. काही प्रकरणांत मात्र, स्वतंत्र करार असेल तर, आदिवासी राष्ट्राच्या संमतीशिवाय प्रकल्प पुढे जाऊच शकत नाही.

प्रॉस्पेरिटीचं २०१०चं प्रमाणपत्र जानेवारी २०२०मध्ये संपलं. त्याआधी महिनाभर कंपनी आणि त्सिल्कोतीन राष्ट्र प्रांताच्या मदतीने बोलणी करायला आणि तोवर आपापले खटले थांबवायला तयार झाले होते. ती बोलणी साडेपाच वर्षं चालली.

५ जून २०२५ रोजी तेझतान बिनी करार जाहीर झाला. प्रांत कंपनीला ७.५ कोटी डॉलर देणार. प्रकल्पातला २२.५ टक्के हिस्सा कंपनी त्सिल्कोतीन राष्ट्रासाठीच्या न्यासाला देणार. कंपनीचा हिस्सा राहील, पण ती स्वतः तिथे खाण काढणार नाही. आणि पुढे कुणीही आलं, तरी त्सिल्कोतीन राष्ट्राच्या संमतीशिवाय तिथे खाण होणार नाही.

तांबं आणि सोनं जागच्या जागी आहे. विल्यम्स लेकच्या लोकांना ती वीस वर्षांची नोकरी मिळाली नाही. तळ्याच्या परिसरात पुढे काय व्हावं याचा आराखडा त्सिल्कोतीन राष्ट्र आणि प्रांत आता एकत्र बसून करायचे आहेत, आणि त्यात तळ्याचं नाव तेझतान बिनी असंच लिहिलेलं आहे.